जॉनी कार्सन गेला. ज्यांनी त्याला पाहिलंय त्यांनी जरा सांगा ना

रातकिडा | २४ जानेवारी २००५

अमेरिकी टीव्हीवर रात्रीच्या गप्पांचा 'द टुनाइट शो' करणारा जॉनी कार्सन काल रविवारी गेल्याची बातमी आली. वय ७९. सिगारेटने फुप्फुसं निकामी झाली होती, एम्फिसीमा. मी या देशात आलो तोवर तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रात्रीच्या कार्यक्रमांचे आताचे सूत्रधार म्हणून मला लेनो माहीत, लेटरमन माहीत. कार्सन म्हणजे नुसतं ऐकलेलं नाव.

आज ऑफिसात दिवसभर दुसरा विषय नव्हता. पन्नाशीपुढची माणसं कॉफीच्या यंत्राजवळ उभी राहून एकमेकांना प्रसंग सांगत होती. एकाने नुसतं वाक्य सुरू केलं की बाकीच्यांना पुढचं पाठ. हसता हसता आमच्या डायरेक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी शिकागोच्या मामांना फोन केला. ते १९६९ साली आलेले. एरवी फोन खाली ठेवू देत नाहीत. आज म्हणाले, "जॉनी गेला रे," आणि फोन मामीकडे दिला. मामी म्हणाली, कालपासून असेच आहेत.

शनिवारी मी त्यांच्याकडे चाललोय. म्हणून दोन गोष्टी विचारतो. एक, तीस वर्षं रोज रात्री टेबलामागे बसून गप्पा मारणाऱ्या माणसात असं काय होतं? लेनो-लेटरमनही तेच करतात. दोन, मामांसाठी बघण्यासारखं काही मिळतं का? टेप, डीव्हीडी, काहीही.

---

ढोलकीवाला | २४ जानेवारी

माझ्या आधी कोणी तरी नीट लिहील असं वाटलं होतं, पण राहवत नाही म्हणून सुरुवात करतो.

'द टुनाइट शो' कार्सनच्या आधीपासून होता. आधी स्टीव्ह ॲलन, मग जॅक पार. कार्सनने तो १ ऑक्टोबर १९६२ ला हातात घेतला आणि २२ मे १९९२ ला सोडला. पहिली दहाएक वर्षं न्यूयॉर्कमधून, १९७२ पासून कॅलिफोर्नियात बरबँकमधून. त्याचा जोडीदार एड मॅकमहन लांब हेल काढून त्याचं नाव पुकारायचा, रंगीबेरंगी पडदा बाजूला व्हायचा आणि जॉनी बाहेर यायचा. ती शीर्षकधून पॉल अँकाची.

मी बघायचो ते बँडसाठी. टीव्हीवरून मोठे बँड एकेक करून गेले, पण इथे रोज रात्री डॉक सेव्हरिन्सनचा पूर्ण ताफा हजर. डॉकचे ते भडक कोट आणि त्याहून चढा ट्रम्पेट, टॉमी न्यूसमचा सॅक्सोफोन, ड्रमवर एड शॉनेसी. जॉनी स्वतः ड्रम वाजवायचा, म्हणून नावाजलेला ड्रमर बडी रिचला सारखं बोलावणं असायचं. बडी रिच आणि शॉनेसी यांची समोरासमोर झालेली जुगलबंदी मी पाहिली आहे. दोघे वाजवताना जॉनी लहान पोरासारखा बघत होता.

माझं मत विचाराल तर त्याचा विनोद ताल जाणणाऱ्या माणसाचा होता. सम कुठे येते हे त्याला कळायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समेआधी किती थांबायचं तेही कळायचं.

---

लिंकनची_काकू | २५ जानेवारी

रातकिडा, मी तुझ्या मामांच्या पिढीची, म्हणून तुला अरे-तुरे करते.

आम्ही १९७३ च्या उन्हाळ्यात नेब्रास्कात लिंकनला आलो. ह्यांची मृदाशास्त्रात पीएचडी चालू होती. विद्यापीठाच्या वसाहतीत लहानसं घर, त्यात आधीच्या जोडप्याने मागे ठेवलेला कृष्णधवल टीव्ही. चॅनेलची खुंटी निघाली होती, ती पकडीने फिरवावी लागायची. हे लॅबमधून रात्री उशिरा यायचे. जेवणं व्हायची आणि साडेदहाला जॉनी. आमचा सेंट्रल टाइम, त्यामुळे पूर्वेकडे साडेअकराला लागतो तो आमच्याकडे साडेदहाला.

लिंकनमध्ये तो घरचाच माणूस होता. जन्म शेजारच्या आयोवातला, पण वाढला इथून दोनेक तासांवरच्या नॉरफोक गावात. चौदाव्या वर्षी 'द ग्रेट कार्सोनी' नाव लावून जादूचे प्रयोग करायचा. नौदलातून परत आल्यावर आमच्याच विद्यापीठातून १९४९ साली पदवी घेतली. प्रबंधाचा विषय काय, तर विनोद कसा लिहितात. रेडिओवरच्या विनोदवीरांचे तुकडे टेपवर एकामागे एक लावून त्याने तो उलगडून दाखवला होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्याचं नाव घरातल्या पुतण्याचं घ्यावं तसं घ्यायच्या.

मला पहिले सहा महिने त्याचे विनोद कळायचे नाहीत. इंग्रजी येत होतं, पण ते पुस्तकातलं. पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळली आणि तिथेच मी त्याच्या प्रेमात पडले. जो विनोद चालला त्यावर मला हसू यायचं नाही, कारण संदर्भच माहीत नसायचा. पण जो पडला त्यावर मी पोट धरून हसायचे! एखादा विनोद आपटला की प्रेक्षक गप्प. मग तो कोटाच्या बाह्या खाली ओढणार, टाय सारखा करणार, माईकवर बोटाने टकटक करून चालू आहे ना बघणार. डोळे मोठे करून एडकडे बघणार. आणि अगदीच सगळं बुडालं तर बँड 'टी फॉर टू' सुरू करणार आणि हा तोंड गंभीर ठेवून तिथल्या तिथे पाय घासत नाचणार. हे कळायला भाषा लागतच नाही. लोक म्हणायचे त्याचे पडलेले विनोद चाललेल्यांपेक्षा चांगले. मी त्या दारातूनच आत गेले.

मग हळूहळू बाकीचं कळायला लागलं. ते अध्यक्ष निक्सनच्या वॉटरगेट घोटाळ्याचं वर्ष. निक्सनची माणसं हॉल्डमन कोण, अर्लिकमन कोण, निक्सनच्या टेपमधली साडेअठरा मिनिटं कुठे गेली, हे सगळं मी सकाळच्या पेपरात वाचायचे ते रात्री जॉनी काय म्हणाला ते समजावं म्हणून. ह्यांच्या विभागातल्या लोकांशी बोलायला मला विषय मिळाला तो असा. विशेष म्हणजे इतकी वर्षं बघूनही तो कुठल्या पक्षाचा हे आम्हाला सांगता आलं नसतं. डेमोक्रॅट आले, रिपब्लिकन आले, सगळ्यांना त्याने सारखंच सोलून काढलं.

आणि लोकांचा विश्वास किती, ते ऐक. त्याच डिसेंबरात, १९७३ च्या, तेलटंचाई चालू होती, पेट्रोलला रांगा. विस्कॉन्सिनच्या एका काँग्रेस सदस्याने सरकारी खरेदीत टॉयलेट पेपर कमी पडेल असं पत्रक काढलं. जॉनीने रात्री त्यावर एक विनोद केला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर टॉयलेट पेपरचं अख्खं फडताळ रिकामं! मला त्यात नवल वाटलं नाही, आपण टंचाईच्या देशातून आलेली माणसं. पण शेजारच्या बाई हातगाडीत शेवटची दोन पुडकी ठेवून म्हणाल्या, "काल जॉनीने सांगितलं, ऐकलं नाहीस का?" तो गमतीत बोलला होता. पण जॉनीने सांगितलं म्हणजे असणार, असं त्यांनी धरलं. पुढे त्याला पडद्यावर येऊन सांगावं लागलं की बाबांनो, टंचाई बिंचाई काही नाही.

आता तुझा खरा प्रश्न, त्याच्यात असं काय होतं. माझं उत्तर एवढंच की त्याच्याकडे आलेला पाहुणा जाताना मोठा होऊन जायचा. तो देशातला सगळ्यात गमत्या माणूस असेल, पण पाहुणा रंगात आला की हा मागे सरायचा. हनुवटीखाली हात घ्यायचा, पेन्सिल फिरवायचा आणि ऐकायचा. खरोखर ऐकायचा! आता जे चाललंय त्यात सूत्रधार पुढच्या प्रश्नाच्या कागदावर डोळा ठेवून असतो.

१९८७ साली इंडियानाहून मर्टल यंग म्हणून एक बाई आल्या होत्या. बटाट्याच्या वेफर्सच्या कारखान्यात तपासनीस. पट्ट्यावरून जाणाऱ्या लाखो वेफर्समधून माणसाच्या, प्राण्याच्या आकाराचे वेगळे काढून त्यांनी जपून ठेवलेले. एकेक डबी उघडून त्या इतक्या हळुवारपणे दाखवत होत्या. मध्येच एडने त्यांना काही तरी विचारलं, त्यांची मान तिकडे वळली, आणि इकडे कुर्रकन आवाज. बाईंनी चमकून बघितलं तर जॉनी वेफर चावतोय. बाईंचा चेहरा पांढरा पडला, छातीवर हात गेला. पण जॉनीने तो क्षण ताणला नाही. लगेच टेबलामागचा वाडगा वर काढून दाखवला, हे माझे वेगळे आहेत, तुमच्यांना हात लावलेला नाही! त्यांच्या हातावर हात ठेवला. मग सगळ्यांत जास्त हसल्या त्या बाईच. दुसरा कोणी असता तर त्या बिचारीला आणखी अर्धा मिनिट रडवली असती, कारण प्रेक्षक तर हसतच होते. मी हा प्रसंग किती जणांना सांगितला असेल.

सिनेनट जिमी स्टुअर्ट १९८१ साली खिशातून कागद काढून आपल्या मेलेल्या कुत्र्यावरची स्वतःची कविता वाचायला लागला तेव्हाही तसंच. सुरुवातीला लोक हसत होते, कविताही तशी हलकीफुलकीच. शेवटच्या ओळींना स्टुअर्टचा गळा दाटला. जॉनीने डोळे पुसले आणि मध्ये एक शब्द घातला नाही.

नवीन विनोदवीरांचं तर नशीबच तो ठरवायचा. पहिल्यांदा आलेल्याने पाचसहा मिनिटं उभं राहून करायचं आणि जायचं. पण काम आवडलं तर जॉनी हाताने खूण करून शेजारच्या कोचावर बोलवायचा. ती खूण झाली की दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाचं आयुष्य बदललं. फ्रेडी प्रिन्झ, स्टीव्हन राइट, ड्रू कॅरी. एलन डीजेनेरिस १९८६ साली आली तेव्हा पहिल्याच खेपेला कोचावर बोलावलेली ती पहिली बाई विनोदवीर.

आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगते. १९९१ च्या जूनमध्ये त्याचा मधला मुलगा रिचर्ड मोटार अपघातात गेला. ३९ वर्षांचा. फोटोग्राफर होता, फोटो काढायलाच गेला होता. काही आठवड्यांनी जॉनी परत आला. आम्ही दोघं टीव्हीसमोर धास्तावून बसलो होतो की आज हा काय बोलणार. त्याने नेहमीसारखा मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीचे उभ्याने सांगायचे विनोद, केला, पाहुणे घेतले, सगळं नीट पार पाडलं. शेवटची काही मिनिटं मात्र मुलासाठी ठेवली. थोडक्यात त्याच्याबद्दल बोलला, मग मुलाने काढलेले निसर्गाचे फोटो एकामागून एक दाखवले. आवाज फार चढला-उतरला नाही. आयुष्यभर स्वतःच्या घरचं काही बाहेर येऊ न देणारा माणूस, त्याने एवढंच दिलं, आणि तेही मुलाचं काम लोकांनी बघावं म्हणून. हे उठून पोरांच्या खोलीत गेले, पोरं झोपलेली होती, तिथेच जरा वेळ उभे राहिले.

शेवटचे दोन भाग तर तुझ्या मामांना पाठ असतील. २१ मे १९९२ ला विनोदवीर रॉबिन विल्यम्स आणि गायिका बेट मिडलर. बेट त्याच्यासाठी गात होती आणि कॅमेरा पार पलीकडून, तिच्या मागे तो दिसेल असा. तो कसाबसा सावरून बसलेला. दुसऱ्या दिवशी पाहुणेच नव्हते. स्टुलावर बसून जुने तुकडे दाखवले, आभार मानले, शुभ रात्री म्हटलं. पाचेक कोटी लोकांनी तो भाग पाहिला असं म्हणतात. आणि त्यानंतर गेला तो गेलाच. पुन्हा स्वतःचा कुठलाही कार्यक्रम नाही, आत्मचरित्र नाही. १९९४ साली लेटरमनकडे क्षणभर आला, टेबलामागे बसला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि काही न बोलता निघून गेला.

फार लिहिलं. पण थोडक्यात आवरणं शक्य नव्हतं.

---

तिखटमीठ | २६ जानेवारी

काकू, सुंदर लिहिलंत. पण सगळे पेपर त्याला देव करून सोडतायत, म्हणून दुसरी बाजू मांडते.

विनोदवीर जोन रिव्हर्सचं काय? १९६५ साली त्याच्याच कार्यक्रमात ती पुढे आली, १९८३ पासून तो रजेवर असला की ठरलेली बदली तीच. १९८६ मध्ये तिने फॉक्स वाहिनीवर जवळपास त्याच वेळेला स्वतःचा कार्यक्रम घेतला. तिने आधी सांगायला हवं होतं, मान्य. पण नंतर तिने फोन केला तर त्याने बंद केला आणि मरेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. १९८७ साली तिच्या नवऱ्याने आत्महत्या केली, तेव्हाही नाही. चार लग्नं, तीन घटस्फोट. आणि एलनला कोचावर बोलावलं हे खरं, पण पहिल्याच खेपेला तो मान मिळायला बायकांना १९८६ साल उजाडावं लागलं, हेही त्याच वाक्यात आहे ना? कॅमेऱ्यासमोर इतका मऊ असणारा माणूस कॅमेरा बंद झाल्यावर भिंतीसारखा व्हायचा असं त्याच्याबरोबर काम केलेल्यांनीच सांगितलंय.

---

लिंकनची_काकू | २६ जानेवारी

तिखटमीठ, जोनच्या बाबतीत तू म्हणतेस ते सगळं खरं आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. नवरा गेल्यावर तरी फोन करायला हवा होता. इतकी वर्षं अबोला धरायला मन किती घट्ट करावं लागतं! मला ते तेव्हाही खटकलं, आज तो गेल्यावरही खटकतं. बायका विनोदवीरांचंही तसंच. त्याला बायकांचा आक्रमक विनोद रुचत नव्हता, आणि त्याच्या रुचीवर लोकांची पोटं अवलंबून होती, म्हणून ती फक्त त्याची खासगी आवड राहत नाही.

पण कॅमेऱ्यासमोर एक आणि मागे दुसरा, म्हणून समोरचं खोटं, हे मला पटत नाही. तो लाजाळू होता. पार्टीत कोपऱ्यात उभा राहणारा, अनोळखी माणसाशी काय बोलावं ते न सुचणारा. आमच्या नेब्रास्कात असे पुरुष ढिगाने मिळतील, शेतावर दिवसभर राबतील आणि जेवायला बसल्यावर दोन वाक्यं बोलतील. त्याला माणसांशी बोलायला टेबल लागायचं. त्या टेबलामागे बसून त्याने मर्टल यंगबाईंना जी माया दाखवली ती खरीच होती. ती त्याला टेबल सोडून देता आली नाही, ह्याचं मला वाईट वाटतं. त्याच्या मुलांना किती वाईट वाटलं असेल.

आणि एक, गावाला तो विसरला नाही. १९८२ साली कॅमेरा घेऊन नॉरफोकला आला होता, जुनी शाळा, जुनं घर, सगळं दाखवलं. आईवडिलांच्या नावाने तिथे कर्करोगाचं उपचार केंद्र उभं केलं. आमच्या विद्यापीठाला नाट्यविभागासाठी गेल्याच वर्षी पन्नास लाख डॉलरहून जास्त दिले. ह्याचा त्याने कधी गाजावाजा केला नाही.

---

ढोलकीवाला | २७ जानेवारी

रातकिडा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही.

वाईट बातमी आधी. न्यूयॉर्कच्या काळातले, म्हणजे १९६२ ते १९७२ चे, बहुतेक भाग आज अस्तित्वातच नाहीत. टेप महाग होत्या, कार्यक्रम दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीने त्याच पुसून पुन्हा वापरल्या. ग्राउचो मार्क्सने जॉनीची ओळख करून दिली तो पहिला भागही चित्ररूपात उरला नाही. जे उरलंय ते असंच कुठे कुठे वाचलेलं. १९६५ चा एड एम्सच्या टॉमाहॉकचा, म्हणजे फेकायच्या कुऱ्हाडीचा, प्रसंग त्यातलाच. एम्स टीव्हीवर रेड इंडियनचं काम करायचा, त्याने लाकडी फळीवरच्या माणसाच्या आकृतीवर टॉमाहॉक फेकून दाखवला आणि तो नको त्या ठिकाणी रुतला. एम्स काढायला धावला. जॉनीने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. बघ, इथे माझा मुद्दा येतो! लोक हसतायत, त्यांना हसू दे. टाळ्या आणि हशा ओसरेपर्यंत तो नुसता उभा राहिला आणि मगच पहिलं वाक्य बोलला.

चांगली बातमी अशी की बरबँकच्या काळातलं बरंचसं शिल्लक आहे. त्याच्या स्वतःच्या कंपनीने टेपा कॅन्ससमधल्या जुन्या मिठाच्या खाणीत ठेवल्या आहेत. जमिनीखाली थंड आणि कोरडं, त्यामुळे टिकतात. त्याच कंपनीने निवडक भागांचे व्हिडिओ आणि डीव्हीडीचे संच काढलेत. शेवटचे दोन भाग ज्यात आहेत तो संच घे. विनोदवीर डॉन रिकल्सने जॉनीची सिगारेटची पेटी फोडली आणि जॉनी कॅमेरे घेऊन थेट शेजारच्या स्टुडिओत त्याच्या चित्रीकरणात घुसला, तो तुकडा असेल तर सोडू नकोस. सोमवारी लेनोने श्रद्धांजलीचा भाग केला, त्यात एड मॅकमहन, बॉब न्यूहार्ट यांच्याबरोबर रिकल्सही होता. आयुष्यभर लोकांना टोमणे मारणारा माणूस, पण गहिवरलेला वाटला.

---

रातकिडा | ३० जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच मामांकडून परतलो.

संच मिळाला. शनिवारी जेवणं झाल्यावर लावला. पहिली दहा मिनिटं मामा काहीच बोलले नाहीत. काकू, मी तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. टॉयलेट पेपरवर ते मोठ्याने हसले, म्हणाले शिकागोतही तेच. मग बोलायला लागले ते रात्री दोनपर्यंत.

मला हे कधीच माहीत नव्हतं. पहिला हिवाळा ते वायएमसीएच्या वसतिगृहात राहिले. दिवसभर ड्राफ्टिंगच्या टेबलावर, कोणी बोलत नाही, यांचा उच्चार कोणाला कळत नाही. खाली सगळ्यांना मिळून एक टीव्ही. त्याच्यासमोर दक्षिणेतून कामाला आलेले काळे कामगार, एक पोलिश म्हातारा, नोकरी गेलेले दोघे-तिघे, आणि मामा. दिवसा कोणी कोणाकडे बघायचं नाही. साडेदहाला सगळे खुर्च्या ओढून बसायचे. मामा म्हणाले, "मला विनोद कळायचा नाही, पण सगळे हसले की मी पण हसायचो. एकदा सगळ्यांच्या आधी हसलो. तो पोलिश म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, आता तू इथला झालास."

आणि मोनोलॉग संपल्यावर जॉनी हवेत गोल्फचा फटका मारायचा तो त्यांनी दिवाणखान्यात उभं राहून करून दाखवला. मामीला तो कित्येक वर्षांपासून माहीत आहे म्हणे. मर्टल यंगचा तुकडा तीनदा लावला. जॉनीने वाडगा वर काढला की मामा प्रत्येक वेळी "बघ, बघ, लगेच दाखवलं" असं म्हणायचे.

उद्या लेटरमन नवीन भाग घेऊन परत येतोय. सगळे बघणार ना?

---

लिंकनची_काकू | १ फेब्रुवारी

पाहिला. हे लवकर झोपणारे, पण काल जागले.

तुम्हाला बातमी आठवत असेल. जॉनी जायच्या थोडेच दिवस आधी पीटर लॅसलीने सांगितलं होतं की तो अधूनमधून लेटरमनला विनोद लिहून पाठवतो. हा लॅसली आधी जॉनीचा निर्माता, मग लेटरमनचा. काल लेटरमनने नेहमीसारखा मोनोलॉग केला. चांगला रंगला. मग टेबलामागे बसून त्याने सांगितलं की आजचे सगळेच्या सगळे विनोद जॉनीचे होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. दोन विनोदांना मला वाटलंच होतं, वळण ओळखीचं होतं, तेच ते वाक्य सरळ चालत येतं आणि शेवटच्या शब्दाला कूस बदलतं.

नाव मिळवलं, पैसा मिळवला, त्याला आता कशाची गरज होती? तरी घरी सकाळी पेपर वाचायचा, विनोद सुचला की लिहायचा आणि दुसऱ्याच्या तोंडून लोकांना हसवायचा. लोकांना कळायचंही नाही कोणाचा. तिखटमीठ, जोनचं मी विसरलेले नाही. पण हे ऐकून मला फार बरं वाटलं, तो लिहायचा थांबला नव्हता म्हणून.

---

तिखटमीठ | १ फेब्रुवारी

काकू, काल मी पण पाहिला आणि हसले. एवढंच सांगायला आले.

---

ढोलकीवाला | १ फेब्रुवारी

शेवटी डॉक, टॉमी न्यूसम आणि शॉनेसी तिघांनी मिळून जॉनीचं आवडतं 'हिअर्स दॅट रेनी डे' वाजवलं. डॉकचा ट्रम्पेट अजून तस्साच लागतो. मी अख्खा भाग टेप केलाय, आवाज स्वच्छ आलाय. मामांना हवा असेल तर प्रत काढून पाठवतो. व्हीएचएस चालेल ना?

---

रातकिडा | १ फेब्रुवारी

चालेल काय, पळेल! त्यांच्याकडे पूर्वेपेक्षा तासभर आधी लागतो, पण काल नेमकी वीज गेली होती, सकाळी साडेसहाला मला फोन. पत्ता खासगी निरोपात टाकतो. दोन प्रती काढता आल्या तर बघ, ऑफिसातल्या डायरेक्टरबाईंनाही हवी आहे.